‘कायम’ या शब्दाचा भरवसा

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागातील जुन्या दप्तरांत न बदलणाऱ्या गोष्टी सांगणारे शब्द पुष्कळ आढळतात. कायम, मामूल, मिरास, वतन, पूर्वापार, वंशपरंपरेने. आणि दानपत्रांत तर ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत. शब्द वजनदार खरेच. परंतु त्यांवर विसंबून राहिल्याने पुष्कळ घरांचे नुकसान झाले आहे. यास्तव त्यांचा नीट विचार करणे अगत्याचे वाटते.

प्रथम अर्थ पाहू. ‘कायम’ हा मूळ अरबी शब्द, त्याचा अर्थ उभा असलेला. ‘मामूल’ हाही अरबीच. जे केले जाते, अमलात असते, ते मामूल. ‘मिरास’ म्हणजे वारसा. कधीही न बदलणारे, असा अर्थ यांपैकी एकातही मुळात नाही. उभे आहे ते कोणी तरी उभे ठेवले म्हणून, आणि मामूल आहे ते दरसाल कोणी तरी पाळले म्हणून.

आता इतिहास काय सांगतो? पेशवाईत मिरासदार आणि उपरी हा भेद गावच्या घडणीचा पायाच होता. १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी-जमाबंदी सुरू झाली आणि पुढे तो भेद पुसला जाऊन दोघेही सारखेच खातेदार झाले. त्या जमाबंदीने आकार स्थिर केला, तोही ३० वर्षांपुरताच. कुलकर्णी वतन वंशपरंपरेचे म्हणत. ते १ मे १९५१ पासून संपले. मुलकी पाटिलकी १ जानेवारी १९६३ पासून गेली. १९४८ च्या कूळकायद्यात ‘कायम कूळ’ हा शब्द आहे. पण १ एप्रिल १९५७ रोजी, कृषकदिनी, काही अपवाद सोडता कुळे जमिनीची मालक मानली गेली, म्हणजे कायम कूळही कूळ राहिले नाही. हे बदल वाईट झाले असे माझे मुळीच म्हणणे नाही. शब्दाने ते अडले नाहीत, एवढेच दाखवावयाचे आहे.

नावाचीही तीच गोष्ट. आंबेगाव तालुक्याचे नाव अद्याप चालू आहे, परंतु ज्या गावावरून ते पडले ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, आणि कचेरी आहे घोडेगावास. उलट १९४७ च्या कायद्यान्वये जेथे एकत्रीकरण झाले तेथे जमीन तीच राहून सर्वे नंबराचा गट नंबर झाला. एकीकडे नाव राहून वस्तू गेली, दुसरीकडे वस्तू राहून नाव गेले.

कोणी म्हणतील, आमचे वाडवडील शब्दावरच चालत, कागद कोण पाहत होते? हे म्हणणे बरोबर नाही. नाशिकच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. भिक्षूंसाठी त्याने ‘अक्षयनीवी’, म्हणजे न संपणारी ठेव दिली. परंतु नुसते ‘अक्षय’ म्हणून तो थांबला नाही. ३००० कार्षापणांपैकी २००० एका विणकर श्रेणीकडे व १००० दुसरीकडे ठेवले, व्याजाचा दर ठरविला, मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याजच भोगावयाचे, असे बजावले. आणि हे सर्व निगमसभेत ऐकवून रीतीप्रमाणे नोंदविले. अक्षय शब्दामागे एवढी व्यवस्था लागते, हे त्या काळीही लोक जाणून होते.

आपल्याकडे मात्र आजोबांच्या नावचा उतारा दोन पिढ्या तसाच पडून असतो. ‘जमीन कोठे जाते? ती कायमचीच आमची,’ असे उत्तर मिळते. पुढे कर्ज काढावयाचे, भूसंपादनाचा मोबदला घ्यावयाचा किंवा बांधाचा तंटा उभा राहावयाचा प्रसंग आला म्हणजे धावाधाव होते, आणि सख्खे भाऊ कचेरीच्या पायरीवर परके होतात. महसूल खात्यातील नोकरीत असे तंटे मी पुष्कळ पाहिले. ‘पुत्रपौत्रादी’ या शब्दाच्या आधाराने बहिणींची नावे गाळण्याची खोडही सुटली पाहिजे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद आहे.

तेव्हा शेतकरी बंधूंना विनंती अशी. वारसाने वा खरेदीने हक्क आला तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावी आणि फेरफार मंजूर झाला की नाही ते पाहावे. जुना सर्वे नंबर, नवा गट नंबर, क्षेत्र व आकार ही एकमेकांशी ताडून घ्यावी. हद्दीच्या निशाण्या सांभाळणे हे कायद्याने जमीनधारकाचेच काम आहे. पावसाळा सरताच त्या पाहून घ्याव्या. आणि दरसाल अक्षय्य तृतीयेस सातबाराचा उतारा काढून घरातील सर्व मंडळींसमोर, लेकीबाळींसुद्धा, मोठ्याने वाचावा. चूक असेल ती घरातच कळेल, आणि दुरुस्तीचा अर्ज सर्वांच्या संमतीने करता येईल.