ठेवीचे कवच आणि त्याच्या मर्यादा

मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या धूलकोटचा किराणा दुकानदार आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातील भाजीविक्रेती यांचे गिऱ्हाईक वेगळे, माल वेगळा. मात्र दिवसअखेर गल्ला मोजताना दोघांपुढचा प्रश्न एकच असतो: शिल्लक ठेवायची कुठे? त्याचे उत्तर बहुधा व्याजदर पाहून किंवा दारी येणाऱ्या पिग्मी एजंटाच्या ओळखीवर ठरते. संस्था अडचणीत आली तर पैसे कोण देणार, हा प्रश्न मागेच राहतो.

गोव्याने या दुर्लक्षाची किंमत मोजली आहे. म्हापसा अर्बन सहकारी बँकेचा परवाना एप्रिल २०२० मध्ये, तर मडगाव अर्बन सहकारी बँकेचा जुलै २०२१ मध्ये रद्द झाला. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि ठेवीदारांना आपलेच पैसे काढता येईनात. पुढे ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. प्रत्येक बुडत्या बँकेला असा आधार मिळेलच, असे नाही.

अशा वेळी उपयोगी पडतो तो ठेव विमा. १९६० मध्ये केरळातील पलई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळल्यानंतर हा कायदा आला. १९६२ मध्ये विम्याची मर्यादा अवघी दीड हजार रुपये होती; फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख आहे. २०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंध लागल्यापासून साधारण नव्वद दिवसांत ही रक्कम मिळण्याची तरतूद झाली. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदार नव्हे.

मात्र या कवचाला मर्यादा आहेत आणि लहान व्यावसायिक नेमका तिथेच चुकतो. पाच लाखांची मर्यादा प्रत्येक खात्याला नसून एका बँकेतील एका ठेवीदाराला आहे. मुद्दल आणि व्याज, तसेच सर्व शाखांतील ठेवी त्यात एकत्र धरल्या जातात. दुकान एकट्याच्या मालकीचे असेल तर दुकानाचे चालू खाते आणि मालकाचे बचत खाते यांचीही बेरीज होते. दुकानाच्या खात्यात चार लाख आणि स्वतःच्या नावे तीन लाख असतील, तर दोन लाख उघड्यावर राहतात. भागीदारी संस्थेचे खाते मात्र स्वतंत्र मानले जाते. म्हणून मोठी शिल्लक दोन बँकांत विभागणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे. एक बँक अडली तरी मालाचे पैसे आणि नोकरांचे पगार थांबत नाहीत, हा त्याचा दुसरा लाभ.

दुसरी गफलत पतसंस्थेबाबत होते. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिथल्या ठेवींना हा विमा लागू नाही. सहारा समूहाच्या ज्या चार सहकारी संस्थांत देशभरातील ठेवीदारांचे पैसे अडकले, त्यांतील एक भोपाळची होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २०२३ मध्ये परताव्यासाठी पोर्टल सुरू झाले. तरी आरंभी प्रत्येकी दहा हजारांपर्यंतच रक्कम देण्यात आली. सगळ्याच पतसंस्था वाईट नसतात. गरजेच्या वेळी तारण न मागता कर्ज देणाऱ्याही त्याच असतात. तथापि आयुष्याची पुंजी तिथे ठेवणाऱ्याने तिचा लेखापरीक्षण अहवाल मागून पाहावा आणि दररोजच्या भरण्याची नोंद पासबुकात करून घ्यावी.

नुकती कमाई सुरू केलेल्या तरुणांनी क्रम लक्षात ठेवावा. आधी तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम विमासंरक्षित बँकेत ठेवावी. त्यानंतर दीर्घ मुदतीसाठी वर्षाला किमान पाचशे रुपयांत चालणारे भविष्य निर्वाह निधीचे सार्वजनिक खाते किंवा टपाल खात्याच्या योजना निवडाव्यात. त्यांमागे केंद्र सरकारची हमी असते. जोखमीची गुंतवणूक त्यानंतर.

एक-दोन टक्के जादा व्याजाचा मोह स्वाभाविक आहे. पण लाखाच्या ठेवीवर दोन टक्के म्हणजे वर्षाला दोन हजार रुपये. तेवढ्यासाठी अख्खा लाख पणाला लावायचा का, याचा हिशेब पावतीवर सही करण्यापूर्वीच करायला हवा.