वर्गणी काढून डाइव्ह कॉम्प्युटर? नको रे बाबा!

हॉस्टेलवर वर्गणी काढून काय काय येत नाही? इस्त्री येते, क्रिकेटचं किट येतं, ड्राफ्टरसुद्धा दोघांत एक चालून जातो. त्यामुळे स्कूबा डायव्हिंगचा कोर्स करून आलेली मंडळी जेव्हा "चौघांत मिळून एक डाइव्ह कॉम्प्युटर घेऊ, पर हेड स्वस्त पडेल" असं म्हणतात, तेव्हा ऐकणाऱ्याला ते एकदम पटतं. माझं मत मात्र अगदी उलट आहे. हा कॉम्प्युटर टूथब्रशसारखा आहे. साधा घ्या, स्वस्त घ्या, पण ज्याचा त्याचा घ्या. का, ते आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेतच सांगते.

समुद्रात दर १० मीटर खाली गेलं की साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो. १८ मीटरवर एकूण दाब २.८ बार होतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७९ टक्के नायट्रोजन, म्हणजे त्याचा वाटा २.२ बारच्या आसपास. जमिनीवर तोच वाटा ०.७९ असतो. हेन्रीचा नियम बारावीला सगळ्यांनी घोकलाय: दाब वाढला की वायू द्रवात जास्त विरघळतो. तसा नायट्रोजन आपल्या रक्तात आणि स्नायूंत विरघळत जातो. हळूहळू वर आलं तर तो फुफ्फुसांतून निघून जातो. घाईने वर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखं होतं, शरीरात बुडबुडे होतात. सांधे दुखण्यापासून अर्धांगवायूपर्यंत काहीही होऊ शकतं. त्यावर उपचार म्हणजे रिकम्प्रेशन चेंबर, आणि तो काही प्रत्येक बंदरावर नसतो.

हा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला जे. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने, १९०८ साली, शेळ्यांवर प्रयोग करून. (त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन राहिला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.) हाल्डेनने शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले. प्रत्येक कप्प्याचा हाफ-टाइम वेगळा: ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटं. आता हे ओळखीचं वाटतंय ना? बरोबर, कपॅसिटर चार्जिंग! ५ मिनिटांचा कप्पा अर्ध्या तासात ९८ टक्के भरतो, तर ७५ मिनिटांचा कप्पा त्याच वेळात फक्त २४ टक्के. झुरिचच्या ब्यूलमानने पुढे हेच मॉडेल १६ कप्प्यांपर्यंत नेलं. त्यातला नायट्रोजनचा सगळ्यात मोठा हाफ-टाइम ६३५ मिनिटं आहे, म्हणजे साडेदहा तास! थोडक्यात, आज सकाळचा नायट्रोजन उद्या सकाळीही थोडाफार अंगात असतो.

डाइव्ह कॉम्प्युटर म्हणजे एक प्रेशर सेन्सर, एक घड्याळ आणि हे गणित दर काही सेकंदांनी सोडवणारा एक छोटा प्रोसेसर. बस्स, एवढंच. पूर्वी हे काम छापील टेबल करायचं. पण टेबल धरून चालतं की तुम्ही पूर्ण वेळ सगळ्यात खोल जागीच होता. पाच मिनिटं १८ मीटरवर आणि बाकी वेळ १० मीटरवर काढला, तरी टेबल सगळं १८ मीटरच मोजणार. कॉम्प्युटर प्रत्यक्षात जे झालं ते मोजतो.

आणि नेमकी इथेच वर्गणीची गोची होते. कॉम्प्युटर मनगट ओळखत नाही. सकाळी अमक्याने तो बांधून डाइव्ह केली, दुपारी तमक्याने बांधला, तर तो तमक्याच्या अंगात अमक्याचा नायट्रोजन धरून चालणार. तमक्याला फार तर वेळ कमी मिळेल, ते चालेल एक वेळ. पण सकाळी ज्याने कॉम्प्युटरशिवाय डाइव्ह केली आणि दुपारी बांधला, त्याला तो "ताजा" समजेल आणि नको तेवढा वेळ देईल. चूक घातक बाजूला! "आम्ही दोघं बरोबरच असतो, एकाकडे असला म्हणजे झालं" हेही खरं नाही. बडी दोन-तीन मीटर खाली तरंगत असेल तर त्याचा हिशोब वेगळा. शिवाय एकाने मर्यादा मोडली तर बरेचसे कॉम्प्युटर २४ किंवा ४८ तास लॉक होतात आणि फक्त खोली आणि वेळ दाखवतात. म्हणजे चौघांची ट्रिप एकाच्या हौसेपायी बोंबलली.

आता मुद्दा पैशांचा. आधी स्वतःला विचारा, मला हवाय का? मालवण-तारकर्लीला इन्स्ट्रक्टरच्या हाताला धरून एकदा मासे बघून आलात, तर काहीच घेऊ नका. कोर्स केलाय पण वर्षाला तीन-चारच डाइव्ह होतात, तर भाड्याने घ्या. फक्त पूर्ण ट्रिपभर एकच पीस आपल्याकडे ठेवा. रोज वेगळा घेतला तर कालचा हिशोब कालच्या मशीनमध्येच राहिला ना! पण ग्रँड आयलंड, नेत्राणी, अंदमान असं दरवर्षी जायचं ठरलं असेल, तर फिन्स, सूट, कॅमेरा यांच्या आधी कॉम्प्युटर घ्या. फिन्स भाड्याच्या असल्या तर फार तर पाय घासतील.

घेताना काय बघायचं? एक, आकडे मोठे आणि स्पष्ट हवेत. खाली प्रकाश कमी असतो आणि डोकं जमिनीवरच्यासारखं चालत नाही. खोली, वेळ आणि उरलेली मिनिटं एका नजरेत दिसली पाहिजेत. दोन, नायट्रॉक्स मोड हवा. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाला १.४ बारची मर्यादा धरली तर साधारण ३३ मीटरपर्यंत जाता येतं, आणि हा कोर्स आज ना उद्या कराल. तीन, सेल स्वतःला बदलता आला पाहिजे. काही मॉडेल्स सेलसाठी सर्व्हिस सेंटरला पाठवावी लागतात, तो खर्च किंमतीत कोणी सांगत नाही. सेल बदलताना ओ-रिंग साफ करून बघा. आणि ट्रिपच्या मध्ये बदलू नका, कारण बऱ्याच मॉडेल्समध्ये सेल काढला की अंगातल्या नायट्रोजनचा हिशोब पुसला जातो. चार, कॉन्झर्व्हेटिव्ह सेटिंग वाढवता आलं पाहिजे. क्रेसीचा लिओनार्डो, मारेसचा पक प्रो, सुंटोचा झूप नोव्हो ही या स्वस्त वर्गातली नेहमीची नावं. प्रत्येक कंपनीचं गणित थोडं वेगळं असतं, कोणी जास्त मिनिटं देतं, कोणी कमी. जास्त मिनिटं देणारा म्हणजे जास्त हुशार, असं नव्हे. दोघांचे आकडे वेगळे आले तर जो आधी वर चला म्हणतो त्याचं ऐकायचं.

काय नको? सिलिंडरचा दाब वायरलेसने दाखवणारा ट्रान्समीटर, रंगीत स्क्रीन, चार-चार गॅसचे मोड. आपली मर्यादा ओपन वॉटरला १८ मीटर, ॲडव्हान्स्डला ३० आणि रिक्रिएशनलची शेवटची रेषा ४० मीटर. तेवढ्यासाठी काळ्या-पांढऱ्या स्क्रीनचा कॉम्प्युटर आणि साधा प्रेशर गेज भरपूर झाला. महागड्या मॉडेलचे चार-पाच पट पैसे देऊन नायट्रोजन काही कमी विरघळत नाही. त्या फरकात अंदमानची एक ट्रिप निघेल, आणि अनुभव हा कुठल्याच मॉडेलमध्ये बिल्ट-इन मिळत नाही. हो, आणि "५० मीटर वॉटर रेझिस्टंट" लिहिलेलं साधं स्पोर्ट्स वॉच म्हणजे डाइव्ह कॉम्प्युटर नव्हे.

सेकंडहँड चालेल का? चालेल, पण सेलचा कप्पा उघडून बघा. हिरवट गंज दिसला तर नमस्कार करून निघा. मग तो ओळखीच्या डायव्हरच्या कॉम्प्युटरशेजारी बांधून उथळ पाण्यात न्या आणि दोघांची खोली जुळते का ते पाहा.

कॉम्प्युटर कितीही चांगला असला तरी त्याला माहीत नसतं की तुम्ही रात्रभर जागलात, पाणी कमी प्यायलात किंवा तुमचं वजन वाढलंय. त्याला फक्त दाब आणि वेळ कळतो. म्हणून शेवटच्या मिनिटापर्यंत ताणू नका, मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नका, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबाच. आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास विमानात बसू नये असा संकेत आहे. तो ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे, आणि आंबोली सातशे मीटरच्या आसपास येते! मालवणला दोन दिवस डाइव्ह मारून त्याच संध्याकाळी घाट चढून सोमवारच्या प्रॅक्टिकलला हजर व्हायचा प्लॅन असेल, तर कॉम्प्युटरवरचं ते छोटं विमानाचं चिन्ह गेलंय का ते आधी बघा. नसेल गेलं तर खुशाल एक रात्र मुक्काम करा. एक अटेंडन्स बुडाली तर डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागेल, त्याचं काय एवढं!

वर्गणी काढायचीच असेल तर त्या रात्रीच्या जेवणाची काढा. सुरमई चौघांत वाटून खाता येते, नायट्रोजन मात्र ज्याचा त्यालाच बाळगावा लागतो.