पहाटेची तयारी रात्रीच

पहाटे उठण्याचे माहात्म्य आपल्या घरांत सर्वमान्य आहे. परंतु त्याचा हिशेब आदल्या रात्रीपासून मांडावा लागतो. प्रौढांना किमान ७ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप आवश्यक असते. चौविहारामुळे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकते; मात्र दुकान, रोजमेळ आणि मोबाइल यांत मध्यरात्र उलटते. मग ४८ मिनिटांच्या सामायिकात डुलक्या येतात. हाही प्रमादच नव्हे काय? ५ वाजता उठायचे, तर मोठ्यांनी १० वाजता आणि परीक्षेच्या वर्षातील मुलांनीसुद्धा ९ वाजता निजावे. व्यवसायामुळे ते अशक्य असेल, तर सूर्योदयाला उठावे. नवकारशी तरीही साधते. मुलांना पहाटे हाका मारण्याआधी वडीलधाऱ्यांनी रात्री घरातील दिवे वेळेवर मालवावेत.