दिव्याला टोपी घालावी

आमच्या परसात एक दुर्बीण आहे. ती मामाने गेल्या थंडीत आणली. तिची पुढची काच ७० मिलिमीटरची आहे. ती तीन पायांवर उभी राहते. सारवलेल्या जमिनीवर ती हलत नाही. माडीवर ठेवली आणि कोणी चालले, की सगळे तारे नाचतात.

पहिल्या रात्री आम्ही गुरू ग्रह पाहिला. त्याच्या बाजूला एका रेषेत चार ठिपके होते. ते त्याचे चंद्र. गॅलिलिओ या शास्त्रज्ञाने १६१० साली दुर्बिणीतून हेच चार चंद्र पाहिले होते. मग कृत्तिका पाहिल्या. नुसत्या डोळ्यांनी मला सहाच दिसतात. दुर्बिणीतून मी तीसपर्यंत मोजल्या आणि मग चुकलो. मृगातल्या तीन ताऱ्यांच्या खाली एक धुरकट ठिपका दिसला. मामा म्हणाला, तिथे नवे तारे जन्मतात. आजीने पण पाहिले. ती म्हणाली, "अगं बाई, हा तर चुलीचा धूर!"

पुढे पावसाळ्यात शेजारच्या काकांना रस्त्यात साप चावला. वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून ते वाचले. मग माझ्या बाबांनीच ग्रामसभेत उठून दिवा मागितला. आता आमच्या परसाजवळच्या खांबावर मोठा पांढरा एलईडी दिवा आहे. तो वर आणि बाजूला पण उजेड फेकतो. यंदा चंद्र आणि गुरू दिसतात, कारण ते तेजस्वी आहेत. पण आकाशगंगा पार गेली. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. दिव्याकडे एकदा बघितले की पुन्हा पहिल्यापासून. आजी विचारते, "चुलीचा धूर दिसतो का रे?" मी म्हणतो, "नीट नाही दिसत."

मी बाबांना म्हणालो, दिवा बंद करा. बाबा रागावले. म्हणाले, "तारे बघायला आधी माणूस जिवंत पाहिजे." मी दोन दिवस बोललो नाही. मग मला पटले, की बाबांचे बरोबर आहे. पण माझे पण चूक नाही.

माझे मत असे आहे, की दिवा हवाच, पण त्याला वरून टोपी हवी. साप जमिनीवर असतो, आकाशात नसतो. मग उजेड वर कशाला पाठवायचा? नागपूर जिल्ह्यातल्या पेंच जंगलाजवळच्या गावांत रस्त्याचे दिवे खाली तोंड करून लावले आहेत. २०२४ साली पेंचला भारतातले पहिले अंधाऱ्या आकाशाचे उद्यान अशी मान्यता मिळाली. तिथे जमले, तर आपल्या गावात का जमणार नाही?

लहान मुलांना ग्रामसभेत कोणी बोलू देत नाही, म्हणून मी इथे भिंतीवर लिहिले आहे. पालकांनी वाचून हा विषय तिथे मांडावा, ही नम्र विनंती.

टोपी बसली की सगळ्यांनी आमच्या परसात यावे. बॅटरीला लाल कागद लावून आणि पायात चपला घालून यावे. दुर्बिणीतून सूर्याकडे मात्र कधीच बघू नये, डोळा जातो.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी