मांजरीचे घमेले

गेल्या वर्षी जुलैच्या पावसात आमच्या धाकट्या चिरंजीवांनी एस.टी. स्टँडजवळून मांजरीचे एक पिल्लू शर्टात घालून घरी आणले. तीनेक महिन्यांचे, अंगाने भुरे, पोट पाठीला लागलेले. आम्ही म्हटले, राहू दे दोन दिवस. वाचक बंधू-भगिनींनो, ‘दोन दिवस’ म्हणून घरात आलेले कोणी दोन दिवसांत गेल्याचे आम्हाला तरी ठाऊक नाही. मुलाने नाव ठेवले भुरी, आणि प्रश्न मिटला.

खरा प्रश्न तिसऱ्या दिवशी उभा राहिला. आमच्या मुक्ताईनगरची माती काळी. पाऊस लागला की चार पावलांत चपलेला किलोभर चिखल चिकटतो. तिथे मांजर तरी कशाला पाऊल टाकील? भुरीने आपली सोय खाटेखालच्या गोधड्यांवर केली. पुढच्या वेळी मंडळाच्या वर्गणीच्या पावती-पुस्तकावर. त्याच आठवड्यात आमची थोरली मुलगी सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. शेजारच्या आजींनी ओट्यावरूनच सांगितले, “भाऊ, पोटुशीच्या घरात मांजर ठेवू नका. पोत्यात घाला आणि पूर्णेपलीकडे सोडून या.” पोतेही आणून दिले. त्या रात्री धाकटा जेवला नाही. आम्ही हापिसात करतो तेच केले, आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या आठ दिवसांत जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या आम्ही केल्या. आधी भुरीला मान धरून केलेल्या घाणीजवळ नेले, नाक घासले, एक चापट दिली. त्यातून ती एवढेच शिकली की ही माणसे दिसली की पळायचे. मग ती कपाटामागे जाऊन घाण करू लागली आणि ते आम्हाला दोन-दोन दिवस कळेना. दुसरी चूक फिनाईलची. फरशी दोन वेळा फिनाईलने पुसली. नंतर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळले की फिनाईलमधले फिनॉलच्या जातीचे पदार्थ मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चाललेले मांजर पाय चाटते आणि विष पोटात जाते. त्यापेक्षा गरम पाण्यात कपड्याचा साबण घालून जागा दोनदा धुवावी, गोधडी कडक उन्हात टाकावी. वास राहिला तर मांजर पुन्हा तिथेच येते, आपल्या नाकाला वास येत नसला तरी.

तिसरी चूक राखेची. आजींनी बंबाची राख टोपलीत घालून द्यायला सांगितले. भुरी त्यात गेली खरी, पण ओली राख पायाला लागून घरभर तिचे शिक्के उठले. पुढे वाचनात आले की अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात 1947 साली एका बाईंची हीच तक्रार होती. थंडीने वाळू गोठली म्हणून त्या मांजराला राख घालीत आणि घर काळे होई. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या एड लोवे या तरुणाने त्यांना मुलतानी मातीच्या जातीच्या भाजक्या मातीचे दाणे दिले. त्यातूनच मांजरांसाठी पिशवीतून माती विकण्याचा मोठा धंदा उभा राहिला. आपल्याला ती पिशवी परवडायची नाही. आमच्याकडे प्लास्टरची उरलेली वाळू होती, ती चाळून वाळवली.

भांडे म्हणून गवंड्याचे प्लास्टिकचे घमेले घेतले, कारण त्याचा काठ पिल्लाला ओलांडता येतो. आत चार बोटे वाळू. आधी आम्ही ते तिच्या दुधाच्या वाटीशेजारी ठेवले होते. तिने ढुंकून पाहिले नाही. माणूस तरी ताटाशेजारी बसेल का? मग मोरीत ठेवले, तिथे वाळू भिजली. शेवटी मागच्या दाराआड ठेवले. तिथे वर्दळ नव्हती, आणि कोणी आले तर तिला पळायला वाट होती.

कारकुनी स्वभावाप्रमाणे आम्ही एका वहीत चार दिवस वेळा टिपल्या. झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तिला जावे लागे. त्या वेळी धाकट्याने तिला उचलून घमेल्यात ठेवायचे, बोटाने वाळू थोडी उकरून दाखवायची आणि बाजूला व्हायचे. पहिल्या दिवशी त्याने तिचीच थोडी विष्ठा वाळूत ठेवली होती, म्हणजे जागा ओळखू यावी. तिसऱ्या दिवशी ती आपणहून गेली. मोकळ्या मातीत उकरणे आणि झाकणे मांजराच्या अंगातच असते. आम्ही फक्त योग्य जागा द्यायला उशीर केला.

आता आजींच्या भीतीचे. ती अगदीच खोटी नव्हती. मुलीला तपासणाऱ्या डॉक्टरबाईंना विचारले, तेव्हा त्यांनी टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूची माहिती दिली. गरोदरपणात त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो. मांजराच्या विष्ठेतून त्याची अंडी पडतात, पण ती लागण करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घमेले रोज साफ व्हायला हवे आणि ते गरोदर बाईने करू नये. मांजराला कच्चे मांस देऊ नये, घरातले मटण पूर्ण शिजवावे, भाजी धुवावी, मातीत हात घातला तर साबणाने धुवावा. घाण भाजीच्या वाफ्यात टाकू नये. आठवड्याला घमेल्यात उकळते पाणी ओतावे. बोका पाळला असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. तो वारंवार जाऊन कुंथतो आणि लघवी होत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एक-दोन दिवसांत जीव जातो.

रोज साफ करायचे ठरले. करायचे कोणी? सगळ्यांनी गृहीतच धरले होते. मुलांच्या आईने हातातला झाडू भिंतीला टेकवला आणि विचारले, “अहो, मांजर ह्याने आणले, ठेवून तुम्ही घेतले, आणि घाण तेवढी मी काढू?”

आम्ही गप्प झालो. दुसऱ्याची घाण काढणे हे कोणाच्या जन्माला बांधलेले काम नाही, हे आम्ही किती सभांतून सांगितले असेल. आमच्या आजोबांच्या पिढीला ते कोणी विचारून दिले नव्हते. आणि आमच्याच घरात, न बोलता, ते एका माणसाच्या नावावर लागले होते.

त्याच संध्याकाळी हजेरीपत्रकासारखा कागद आखून मागच्या दाराला लावला. सोमवार, बुधवार, शुक्रवार धाकटा. मंगळवार, गुरुवार, शनिवार आम्ही. रविवारी उकळते पाणी आणि नवी वाळू, दोघे मिळून. धाकट्याने पहिल्या दिवशी नाकाला रुमाल बांधला, दुसऱ्या आठवड्यात विसरला. एकदा आम्ही कामाच्या गडबडीत दोन दिवस टाळले, तर भुरी थेट जुन्या जागी, गोधडीवर. तेव्हापासून आमच्या रकान्यात गैरहजेरी नाही.

पोते आजींना परत केले. मुलगी सुखरूप बाळंत झाली, नात तीन महिन्यांची होऊन भुसावळला आपल्या घरी गेली. भुरीला रेबीजची लस टोचली, शस्त्रक्रियाही करून आणली. उन्हाळ्यात ती बाहेर जाऊ लागेल असे वाटले होते, पण तापलेल्या जमिनीपेक्षा तिला घमेलेच बरे वाटते. शेजारच्या आजी परवा विचारत होत्या की त्यांच्या नातवाने आणलेल्या बोक्यालाही हे जमेल का. आम्ही त्यांना अर्धी पाटी चाळलेली वाळू दिली आणि कागदही आखून दिला. त्यावर पहिले नाव नातवाचे लिहिले आहे.