गेंड्याने घडवलेला चित्रकार

दुधव्याचे जंगल पाहायला निघालेले प्रवासी लखनौच्या चारबाग स्टेशनात उतरतात. लाल-पांढऱ्या घुमटांच्या त्या देखण्या इमारतीबाहेर टॅक्सीवाल्याशी भाड्याची घासाघीस होते आणि गाडी तराईच्या दिशेने निघते. पुढे सुमारे २४० किलोमीटरचा रस्ता. वाघ दिसेल ना, एवढी एकच काळजी!

दुधवा १९८७ मध्ये व्याघ्र प्रकल्पात आले. १९७३ साली भारताने वाघ वाचवण्याची ही मोहीम हाती घेतली, तेव्हा तिच्यासाठी एका इंग्रज चित्रकाराच्या कुंचल्याने १ लाख २७ हजार पौंड मिळवून दिले होते. त्या वेळच्या भावाने वीस लाखांहून अधिक रुपये! चित्राचे नाव ‘टायगर फायर’, चित्रकार डेव्हिड शेफर्ड.

खरे तर या गृहस्थांना चित्रकार व्हायचेच नव्हते. १९४९ मध्ये, अठराव्या वर्षी, ते वनरक्षक होण्याचे स्वप्न घेऊन केनियात गेले. तिथे ‘जागा नाही’ असे तोंडावर ऐकावे लागले. मग समुद्रकाठच्या एका हॉटेलात नोकरी केली, पक्ष्यांची चित्रे विकून परतीच्या बोटीचे भाडे जमवले. लंडनला परतले तर तिथल्या नामांकित स्लेड कलाशाळेनेही प्रवेश नाकारला. आता बसचा ड्रायव्हर व्हायचे की चित्रकार? रॉबिन गुडविन या चित्रकाराने त्यांना पदरी घेतले आणि हा प्रश्न सुटला.

पहिली काही वर्षे त्यांनी रंगवली ती विमाने. १९६० मध्ये ब्रिटिश हवाई दलाने त्यांना केनियात नेले. विमाने तर आम्ही रोजच पाहतो, तुम्ही प्राणी काढता का, असे वैमानिकांनी विचारले. शेफर्डनी धावपट्टीवरचा गेंडा काढून दिला. तिथून त्यांची गाडी रुळावर आली.

पण त्याच सुमारास आफ्रिकेत त्यांनी एक पाणवठा पाहिला. चोरट्या शिकाऱ्यांनी त्यात विष कालवले होते आणि काठावर २५५ झेब्रे मरून पडले होते. ज्यांच्या जिवावर आपण पोट भरतो, त्यांचे देणे फेडायला हवे, हे त्या माणसाच्या मनाने घेतले ते कायमचे. १९६२ च्या ‘वाइज ओल्ड एलिफंट’च्या छापील प्रती इंग्लंडात घरोघरी लागल्या. समीक्षकांनी नाके मुरडली, तर मुरडोत बापडे! त्यांच्या कौतुकाने एकही हत्ती वाचला नसता. १९८४ मध्ये शेफर्डनी प्राणिरक्षणासाठी स्वतःची संस्थाच काढली.

चारबागच्या फलाटावर ते उतरले असते, तर मात्र वाघाआधी इंजिनाची चौकशी केली असती! न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पैसे मिळाले, तर त्यांनी १९६७ साली वाफेची दोन अजस्र इंजिने विकत घेतली. एकाचे नाव ठेवले ‘ब्लॅक प्रिन्स’. ती पळवायला सॉमरसेट परगण्यात रेल्वेही उभारली. त्यांना शोभेलशी भेट दिली ती झांबियाचे अध्यक्ष केनेथ कौंडा यांनी. शेफर्डनी चित्रे विकून झांबियाला चोरट्या शिकाऱ्यांवर नजर ठेवणारे हेलिकॉप्टर मिळवून दिले. कौंडांनी उलट भेट म्हणून दिले एक जुनेपुराणे वाफेचे इंजिन. २०१७ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी शेफर्ड गेले. त्यांची संस्था अजूनही काम करते आहे.