माळ 'पडीक' ठरला, मग जंगल उगवले



फ्रान्सच्या नैऋत्येला, समुद्राकाठी, लांद नावाचा मुलूख आहे. तिथे नऊ-दहा लाख हेक्टरांवर पाइनचे जंगल उभे आहे. ओळीत लावलेले, सरळसोट, बहुतेक एकाच जातीचे. पाहणारा म्हणतो, केवढे हे निसर्गाचे देणे! देणे कसले? कायद्याने उभे केलेले जंगल आहे ते.

त्याआधी तिथे गावांचे सामाईक माळ होते. हिवाळ्यात पाणी साचे, म्हणून धनगर पायांना उंच काठ्या बांधून मेंढरे राखत. शहरी पाहुण्यांना गंमत वाटे. पण हिशेब पाहा. जमीन हलकी, वाळूची. राय नावाच्या धान्याचे एवढेसे शेत आणि त्याला खत पुरवायला भला मोठा माळ. मेंढरू दिवसा चरे, रात्री वाड्यात लेंड्या टाकी, त्या शेतात जात. आम्ही शेतकीची पदवी घेतली आहे. त्या वाळूत, त्या काळी, याहून चोख रीत आम्हांलाही सुचली नसती. माळ गेला की शेत उपाशी.

पॅरिसच्या कागदावर मात्र माळ 'पडीक'! 19 जून 1857 रोजी तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने कायदा केला: गावांनी सामाईक माळाचे पाणी काढावे, झाडे लावावीत, ऐपत नसेल तर सरकार लावील आणि खर्च उत्पन्नातून वसूल करील. गावांकडे पैसा कुठला? माळ विक्रीला निघाले, पैसेवाल्यांनी घेतले. बादशहाने स्वतःही त्याच मुलखात सुमारे सात हजार हेक्टरांची इस्टेट केली; पुढे तिला आपल्या 1859 च्या लढाईचे नाव दिले, सॉल्फेरिनो. चर खणल्याने दलदल हटली, हे आम्ही नाकारत नाही. पण त्यासाठी मालकी हलवायची काय गरज होती?

1861 ते 65 अमेरिकेत यादवी झाली. तिकडची राळ थांबली, लांदच्या राळेला सोन्याचा भाव आला. त्याच लढाईने आपल्या वऱ्हाडच्या कापसालाही भाव दिला होता. लढाई संपली, भाव गेला, इथेही, तिथेही. धनगराचा नातू मालकाच्या झाडाला खाच पाडून वाट्याने राळ काढू लागला.

आणि एकाच पिकाचे जंगल पेटते कसे? ऑगस्ट 1949 च्या वणव्यात 82 माणसे मेली. जानेवारी 2009 च्या वादळात जंगल आडवे झाले.

आपल्या गायरानावर कोणी नकाशा घेऊन आला आणि 'पडीक' म्हणाला, तर आधी विचारा: इथे किती जनावरे चरतात, त्यांचे शेण कुणाच्या पऱ्हाटीला आणि ज्वारीला जाते? आकडे गावात बसून काढा आणि ग्रामसभेच्या ठरावाला जोडा.